विहिरीच्या काठावरची सतरा उद्दिष्टे

सौर कृषिपंपाची एक जोडणी पूर्ण झाली की सरकारी हिशेबात तिची नोंद किमान तीन ठिकाणी जमेच्या बाजूला होऊ शकते. ऊर्जा खात्याला ती स्वच्छ ऊर्जेत धरता येते, पर्यावरण खात्याला टळलेल्या कर्ब उत्सर्जनात आणि कृषी खात्याला सिंचनाची सोय झालेल्या क्षेत्रात. संयुक्त राष्ट्रांच्या परिभाषेत बोलायचे तर सातवे, तेरावे आणि दुसरे अशी तीन शाश्वत विकास उद्दिष्टे त्या चार-सहा सौर पॅनेलांच्या बळावर थोडी पुढे सरकलेली असतात. ज्या विहिरीवर किंवा कूपनलिकेवर तो पंप बसतो तिची पाणीपातळी मात्र या तिन्हींपैकी एकाही खात्यावर उतरत नाही, कारण ती सहाव्या उद्दिष्टाची बाब आहे आणि सहाव्या उद्दिष्टाची फाईल वेगळ्या टेबलावर असते.

एक उद्दिष्ट साधताना दुसऱ्याला हातभार लागणार की दुसऱ्याचा गळा आवळला जाणार, हे त्या उद्दिष्टांच्या स्वभावात लिहिलेले नसते, असे माझे म्हणणे आहे. पाणी, वीज आणि अनुदान कोणाला, कोणत्या मापाने आणि कोणाला विचारून दिले जाते यावर ते ठरते. ते माप आज उघडपणे कुठेच ठरवले जात नाही. ते योजनेच्या शासन निर्णयातल्या एखाद्या पोटकलमात ठरून जाते आणि त्याची किंमत वसूल होते विहिरीच्या तळाशी.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात १७ उद्दिष्टे आणि त्यांखाली १६९ लक्ष्ये आहेत. ही सगळी एकात्म आणि अविभाज्य आहेत, असे त्यातच म्हटले आहे. परंतु सरकार खात्यांनी चालते, खाते अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षाने चालते आणि लेखाशीर्षाखालचा पैसा मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये जे अविभाज्य होते ते मंत्रालयाच्या मजल्यांवर पोहोचेपर्यंत सतरा ठिकाणी वाटले गेले. धोरणांमध्ये सुसंगती असावी, हे सतराव्या उद्दिष्टाखालचे एक लक्ष्य आहे खरे, पण त्या लक्ष्यासाठी कोणाची वेतनवाढ रोखली गेल्याचे कधी कानावर आलेले नाही.

अभ्यासकांनी या गुंत्याकडे पाठ फिरवली असे मात्र म्हणता येणार नाही. मॉन्स निल्सन, डेव्ह ग्रिग्ज आणि मार्टिन व्हिसबेक यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. एका उद्दिष्टावाचून दुसरे साधूच शकत नसेल तर अधिक तीन, एकामुळे दुसरे अशक्यच होत असेल तर उणे तीन, आणि या दोन टोकांच्या मध्ये उरलेले सगळे संबंध. पुढच्याच वर्षी प्रजल प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशीच्या अधिकृत आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला की उद्दिष्टांमध्ये विरोधापेक्षा परस्परपूरकता अधिक आढळते. निष्कर्ष दिलासा देणारा आहे आणि देशपातळीवर तो खराही असेल. अडचण एवढीच की देशाच्या सरासरीत पाणलोट दिसत नाही. विजेच्या जोडण्या आणि धान्याचे उत्पादन एकाच काळात वाढले, तर आकडेवारी त्यांना एकमेकांचे मित्र ठरवते. त्या मैत्रीचा खर्च ज्या खडकातून उपसला गेला तो खडक सहसंबंधाच्या तक्त्यात बसत नाही.

जाता जाता एका शब्दाविषयी. इंग्रजीतल्या ‘ट्रेड-ऑफ’साठी आपण मराठीत सर्रास ‘तडजोड’ म्हणतो आणि तेथेच आपली थोडी फसगत होते. तडजोड करायला दोन पक्ष समोरासमोर बसलेले असतात, दोघेही थोडे सोडतात आणि काय सोडले हे दोघांनाही ठाऊक असते. उद्दिष्टांच्या या व्यवहारात ज्याचे जाते तो बहुतेक वेळा बैठकीला नसतोच, आणि जे गेले त्याची मोजदाद दुसऱ्याच दशकात होते. म्हणून या लेखात मी ‘तडजोड’ हा शब्द टाळला आहे. एकाचे साधताना दुसऱ्याचे बिघडते, असे सरळच म्हणावे हे बरे.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण अर्थातच उसाचे आहे. कृषी खर्च व मूल्य आयोगाने दहाएक वर्षांपूर्वीच नोंदवले होते की राज्यातील पिकाखालच्या एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो. त्याआधी, १९९९ मध्ये, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने तुटीच्या उपखोऱ्यांत उसाला आवर घालण्याची शिफारस केली होती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीचे दहा टँकर एप्रिलमध्ये पोहोचले आणि ही वाहतूक थेट ऑगस्टपर्यंत चालू राहिली. त्यानंतर २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयाने शासनाला दिलेल्या अहवालात मराठवाड्यातल्या ३.१३ लाख हेक्टर उसाला सुमारे २१७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागते असा हिशेब मांडून तेथे ऊस बंद करण्याचीच शिफारस केली. आयोगाचे आणि आयुक्तालयाचे दोन्ही अहवाल आहेत, ऊसही आहे.

या जुन्या भांडणात इथेनॉल नव्याने आले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचे लक्ष्य २०३० साठी ठेवले होते, ते पुढे अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. तेलाची आयात घटते, धूर कमी होतो, कारखान्यांकडे खेळता पैसा येतो आणि शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान भाव, वेळेवर चुकती होण्याची शक्यता वाढते. ही कामगिरी लहान नाही आणि तिची चेष्टा करण्याचे मला कारण दिसत नाही. पण ज्या नीती आयोगाने २०२१ मध्ये या मिश्रणाचा आराखडा तयार केला, त्याच आराखड्यात असेही लिहिले आहे की साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळवायला किमान २,८६० लिटर पाणी लागते. अशा आकड्यात पावसाचे पाणी किती आणि उपशाचे किती हे प्रदेशागणिक बदलते. कोल्हापुरातल्या नदीकाठच्या उसाचा लिटर आणि धाराशिवातल्या कूपनलिकेवरच्या उसाचा लिटर एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. नेमका हाच भेद धोरणात नाही. इथेनॉलचा खरेदी दर कच्चा माल कोणता यावर ठरतो. तो माल कोणत्या खोऱ्यातून आला हे कोणी विचारत नाही.

२०२३ मध्ये अन्न आणि इंधन या दोन उद्दिष्टांची टक्कर दिल्लीलाही दिसली. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, महाराष्ट्र आणि कर्नाटकात उसाचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसू लागली आणि साखरेचे भाव चढतील या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली. आठवडाभरातच ती सैल करून १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घालण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ अखेर निर्बंध उठले. अन्न आणि इंधन यांच्यात निवड करायची वेळ येते हे सरकारला कळते, याचा हा पुरावाच आहे. फक्त ती निवड शहरातल्या साखरेच्या भावावरून झाली. विहिरींच्या पातळीवरून अशी तातडीची बंदी आल्याचे उदाहरण मला आठवत नाही.

उसावरचा भार कमी करण्यासाठी पुढे मक्यापासून इथेनॉल करण्यावर जोर देण्यात आला, आणि तेथे गोष्ट आणखी वेधक वळण घेते. मक्याला मागणी वाढली, कुक्कुटपालन करणाऱ्यांचे खाद्य महागले आणि एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो तो पशुखाद्यात सोयापेंडीच्या जागी स्वस्तात वापरता येतो, त्यामुळे सोयापेंडीची मागणी खाली आली. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात तो मिळत नव्हता. त्याला जागतिक बाजारातली मंदी आणि खाद्यतेलाची आयात ही मोठी कारणे होतीच, पण या चोथ्याचाही त्यात वाटा होता. लातूरचा कोरडवाहू शेतकरी कमी पाण्याचे पीक घेत होता. म्हणजे सहाव्या उद्दिष्टाच्या दृष्टीने त्याने योग्य तेच केले होते. पाणी वाचवण्यासाठी म्हणून जी दिशा बदलली, तिचा फटका पाणी वाचवणाऱ्यालाच बसला. असा संबंध कोणत्याही दोन उद्दिष्टांच्या सरळ तुलनेत सापडत नाही, तो चौथ्या-पाचव्या वळणावर भेटतो.

याच उसाच्या शेतात आणखी तीन उद्दिष्टे कोयता घेऊन उभी आहेत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि खाडा झाला की कापले जाणारे पैसे, ही त्या रोजगाराची परिभाषा आहे. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांबाबत ओरड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. तिसरे उद्दिष्ट आरोग्याचे, पाचवे स्त्री-पुरुष समानतेचे आणि आठवे सन्मानाने मिळणाऱ्या कामाचे. पंपावर पेट्रोल भरताना वीस टक्के हरित झालेल्या त्या लिटरमागे ही तिन्ही उद्दिष्टे आहेत. पण हरितपणाचे प्रमाणपत्र देताना फक्त धुराचे मोजमाप होते.

या टप्प्यावर ऊस उत्पादकाला खलनायक करण्याची सोय असते, विशेषतः शहरात बसून लिहिणाऱ्याला. ती सोय मी घेणार नाही. गारपीट, अवकाळी पाऊस, कोसळलेला बाजार या सगळ्यांत टिकून राहणारे, घेणारा आधीच ठरलेले आणि किमान भाव कायद्याने बांधलेले पीक राज्यात उसाखेरीज जवळजवळ नाही. तुरीला आणि ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण जाहीर होणे आणि खरेदी केंद्र वेळेवर उघडणे यांत किती अंतर असते ते बाजार समितीच्या आवारात उभे राहिलेल्याला सांगायला नको. शेतकरी पाणी उधळतो कारण त्याला अक्कल नाही, ही समजूत चुकीची आहे. जोखीम पाण्यावर ढकलण्याचा एकच मार्ग धोरणाने त्याच्यासाठी मोकळा ठेवला आहे आणि तो शहाणपणाने त्या मार्गाने जातो. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. सिंचनाचे बहुतेक पाणी ज्या पिकाला जाते त्याचा दुसऱ्या उद्दिष्टाशी, म्हणजे उपासमार आणि कुपोषण संपवण्याशी, किती संबंध आहे हा प्रश्न त्यामुळे उरतोच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचाही समावेश आहे; राज्याने आपल्या रेशनवर आणि शाळेतल्या पोषण आहारात ज्वारी-बाजरी आणि डाळ यांची ठरलेली, दरवर्षीची खरेदी केली तर पाणी, पोषण आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न या तिन्हींचे एकाच पैशात साधेल. अधूनमधून केलेल्या वाटपाने हे होत नाही, कारण शेतकरी पेरणी अधूनमधून करत नाही.

आता पुन्हा सौर पंपाकडे येतो. ऊस हे जुने दुखणे आहे, सौर पंपाचे मात्र आज ठरते आहे आणि म्हणून त्यावर थोडे थांबून बोलायला हवे. रात्रीच्या पाळीने येणाऱ्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्याला साप, विंचू, थंडी आणि अलीकडे बिबट्या यांच्याशी गाठ घ्यावी लागते. दिवसा वीज ही त्याची मागणी सुखसोयीची नाही, जिवाची आहे, आणि सौर ऊर्जा ती पुरी करते. महावितरणचा तोटा कमी होतो, शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योगांवर पडणारा क्रॉस सबसिडीचा भार हलका होण्याची शक्यता असते. हे सगळे खरे मानूनही एक साधा प्रश्न उरतो: सूर्य तळपत असताना पंप बंद करण्याचे शेतकऱ्याला काय कारण आहे? बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या सुट्या सौर पंपाची पुढच्या तासाची वीज फुकट असते आणि ती न वापरली तर वायाच जाते. शेजारच्या विहिरीवरही पंप बसला असेल तर आपण न उपसलेले पाणी आपल्याकडेच राहील याची शाश्वती नसते. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बसाल्टचा आहे. या काळ्या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात जेमतेम साठते; उत्तर भारतातल्या गाळाच्या मैदानासारखा खोल साठा येथे नाही. येथे पंपांची शर्यत दोन-चार उन्हाळ्यांत निकाली निघू शकते.

त्यात शेततळ्याची भर पडते. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी म्हणून जी योजना आखली गेली, त्यातल्या अनेक शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लावून ती विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्याने भरली जातात, हे द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यात कोणीही पाहू शकतो. जमिनीखाली सावलीत असलेले सामाईक पाणी वर काढून उन्हात, खासगी मालकीच्या प्लास्टिकवर साठवायचे आणि त्यातले काही वाफ होऊन जाऊ द्यायचे, असा हा व्यवहार आहे. बागायतदाराच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे. उन्हाळ्यात बाग जगवायची तर हाताशी पाणी हवे. सौर पंप आणि अस्तर लावलेले शेततळे या दोन्ही योजना वेगवेगळ्या पाहिल्या तर चांगल्या आहेत. एकत्र आल्या की दिवसभर फुकट विजेवर उपसा करून साठवण्याचे एक पूर्ण यंत्र तयार होते. दोन योजना एकमेकींना पूरक ठरल्या म्हणूनच येथे नुकसान होते, हे उद्दिष्टांच्या परस्परपूरकतेवर आनंद मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तेच सौर पॅनेल, तोच पंप वेगळ्या कराराने बसवला तर चित्र उलटे होते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांच्या सौर सहकारी मंडळीने वीज कंपनीशी करार केला आणि शिल्लक वीज युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकायला सुरुवात केली. ज्या क्षणी न वापरलेल्या युनिटला भाव आला, त्या क्षणी जादा उपशालाही किंमत आली. वीज हेच एक पीक झाले, तेही पाणी न पिणारे. आपल्याकडे २०१७ पासून चालू असलेली आणि २०२३ मध्ये नव्याने मांडलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना एकेका पंपाऐवजी संपूर्ण कृषी वाहिनी, म्हणजे अनेक शेतीपंपांना वीज पुरवणारी लाइन, सौर विजेवर नेते. तिच्यात निदान विजेचे तास मोजता येतात आणि ठरवता येतात. सुट्या पंपात तीही सोय नाही. या वाहिनी योजनेतही एक पेच आहे: प्रकल्पांसाठी गायरान जमिनी घेतल्या जातात, ग्रामपंचायतीला त्यापोटी तीन वर्षांत १५ लाख रुपये मिळतात आणि ज्याची मेंढरे त्या गायरानावर चरत होती त्याचे नाव या व्यवहारात कोठेच येत नाही. महसुली दप्तरात पडीक म्हणून लिहिलेली जमीन कोणाच्या तरी रोजच्या वापरात असते, हे आपल्याला दर वेळी नव्याने शिकावे लागते.

मापाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्याला तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्तीचा आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरायचा असतो. म्हणजे पंपाची ताकद जमिनीच्या आकाराने ठरते. पाणी किती आहे याने नाही आणि घरात खाणारी तोंडे किती याने तर नाहीच. ज्याची जमीन मोठी त्याला सामाईक भूजलात मोठा पेला, आणि ज्याला जमीनच नाही त्याला काही नाही. दहाव्या उद्दिष्टाचे, विषमता घटवण्याचे, गणित योजनेच्या पहिल्याच तक्त्यात चुकते.

हे माप असेच असावे लागते असे नाही, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्याचे नियम थोडे आणि कडक होते: पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, उसाला पाणी नाही, जमीन विकली तरी तिच्यासोबत पाण्याचा हक्क विकला जाणार नाही, आणि भूमिहीनाचाही पाण्यावर वाटा. गरिबी, भूक, पाणी आणि विषमता या चार उद्दिष्टांचे क्रमांक त्या वेळी कोणाला माहीत नव्हते, तरी चारही एकाच पाटाने गेली. त्यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागले नव्हते, वाटणीचे माप बदलले होते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पुढे वेगळ्या वाटेने हेच केले. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने शेतीसाठी कूपनलिका आणि ऊस-केळीसारखी पिके यांना मनाई झाली, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जाऊ लागला. यंदा किती पडले, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि मग रब्बीला काय.

हिवरे बाजारचे नाव काढले की एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो रास्त आहे: एक गाव, एक खंबीर सरपंच, तीन दशकांची चिकाटी, हे चाळीस हजारांहून अधिक गावांच्या राज्यात कसे जमणार? मी याचे उत्तर आशावादाने देणार नाही. ज्या गावातून कालवा जातो, जेथे कारखान्याचे संचालक राहतात, जेथे विहिरीइतकेच पाणी टँकरवाल्याच्या हाती असते, तेथे ग्रामसभेपुढे ताळेबंद मांडून तो पाळला जाईल असे समजणे भोळेपणाचे आहे. कायद्याचा अनुभवही फारसा उत्साहवर्धक नाही. राज्याचा भूजल अधिनियम २००९ चा. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला २०१४ उजाडले. त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, तरी मराठवाड्यात बोअरची गाडी पाचशे फुटांखाली सहज जाते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात बारमाही पिकांना ठिबक बंधनकारक करण्याची तरतूद आहे, २०१७ मध्ये उसासाठी तसा निर्णयही झाला, आणि तरीही पाटपाण्यावरचा ऊस जागोजाग दिसतो. शिवाय ठिबकने वाचलेले पाणी नदीत किंवा खडकात राहते असेही नाही. बहुधा त्या पाण्यावर आणखी एक एकर भिजतो. सर्वच विरोध चांगल्या व्यवस्थेने विरघळतात असे मी म्हणत नाही. पाण्याच्या बाबतीत शेवटी एक वजाबाकी उरतेच, आणि कोणाला तरी नाही म्हणावे लागते.

वादाचा मुद्दा असा की नाही कोण म्हणणार आणि त्याची भरपाई कोण करणार. आज निसर्ग नाही म्हणतो, तोही एप्रिल-मे महिन्यात, आणि सर्वांत आधी ज्याची विहीर उथळ त्याला म्हणतो. त्याऐवजी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये हे नाही माणसांनी म्हणावे, एवढीच अपेक्षा आहे. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या निवडक ग्रामपंचायतींत असे ताळेबंद तयार झाले. म्हणजे मोजण्याचे तंत्र आणि माणसे आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती त्या ताळेबंदावर एकही रुपया अवलंबून नसण्याची. ताळेबंद तुटीचा निघाला म्हणून सौर पंपाची क्षमता कमी होत नाही, शेततळ्याच्या अस्तराचे अनुदान थांबत नाही, नव्या ऊस लागवडीच्या कर्जाला आडकाठी येत नाही. आणि उलट बाजूने, गावाने ऊस सोडला म्हणून त्याच्या तुरीला खरेदीची हमीही मिळत नाही. जो हिशेब कोणत्याही निर्णयाला बांधलेला नाही तो भिंतीवर रंगवायच्या उपयोगाचा आहे, आणि अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतींवर तो रंगवलेला आहेही.

हेच दुखणे वरच्या पातळीवर निर्देशांकाच्या रूपाने दिसते. नीती आयोगाच्या शाश्वत विकास निर्देशांकात देशाचे गुण २०१८ मध्ये ५७ होते, ते २०२३-२४ मध्ये ७१ झाले. हा एकत्रित आकडा निरनिराळ्या उद्दिष्टांच्या गुणांची साधी सरासरी आहे, आणि साध्या सरासरीचा गुण असा की एकीकडचा ढीग दुसरीकडच्या खड्ड्यात भरता येतो. ऊर्जेत शंभर मिळवा, भूजलात चाळीस; सरासरी सत्तरावर उत्तीर्ण. मानव विकास निर्देशांक काढणाऱ्यांनी याच कारणासाठी २०१० मध्ये साधी सरासरी सोडून गुणोत्तरीय सरासरी घेतली, जिच्यात सर्वांत कमकुवत बाजू एकूण गुणांना अधिक खाली ओढते. आपल्या निर्देशांकात तसे करायला एक दुपारही लागणार नाही. मात्र त्या दुपारी काही राज्यांचे क्रमांक बदलतील, आणि क्रमांक हीच या निर्देशांकाची बातमी असते.

निर्देशांक दिल्लीत सुधारेल तेव्हा सुधारेल. अर्ज मात्र राज्याच्या हातात आहे. सौर पंप मागणाऱ्याला आज सातबारा जोडावा लागतो, त्यावर विहिरीची किंवा कूपनलिकेची नोंद असावी लागते, सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचे ना हरकत पत्र द्यावे लागते आणि पाण्याचा स्रोत अतिउपशाच्या क्षेत्रात असेल तर भूजल यंत्रणेचा दाखला लागतो. म्हणजे शेजाऱ्याला विचारण्याची रीत या अर्जात आधीच आहे, फक्त ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेजाऱ्यापाशी थांबते. भूजल यंत्रणेचा दाखलाही होय किंवा नाही एवढेच सांगतो. किती, ते सांगत नाही. त्याच पानावर आणखी एक रकाना आखता येईल: गावाच्या यंदाच्या ताळेबंदात शेतीसाठी शिल्लक पाणी किती, आणि त्यातून या पंपाला किती. तो रकाना भरण्याचे काम तलाठ्याला किंवा पंप पुरवणाऱ्या कंपनीला देऊ नये. ते ग्रामसभेचे असावे, कारण सातबारा नसलेल्यालाही तेथे हात वर करता येतो.